शेपटीतल्या डब्याचे कागद

मी विमानात पुष्कळदा बसलो आहे, पण उभ्या विमानात. आत जायचं, एखाद्या यंत्रावरच्या पाटीचा क्रमांक वाचायचा, टिपून घ्यायचा आणि उतरायचं. तरी मी राहतो त्या कुडवा गावात आमच्या गल्लीतला दूधवाला मला 'पायलट साहब' म्हणतो आणि मीही त्याला कधी दुरुस्त केलेलं नाही. गोंदियाजवळच्या धावपट्टीच्या कडेला वैमानिक शिकवणारी एक लहानशी संस्था आहे. तिथं मी विमानांची कागदपत्रं सांभाळतो. सकाळी स्कूटर काढतो, डबा अडकवतो आणि दिवसभर पानं मोजतो. बायको म्हणते, हे भाजी आणायला गेले तरी पिशवीवर काय छापलंय ते आधी वाचतात आणि वांगी नंतर बघतात. खोटं नाही. पुस्तकातलं एखादं पान गहाळ असलं की माझं डोकं फिरतं. अशा वेळी माझ्या खोलीत कोणी चहासुद्धा आणून ठेवत नाही.

ही गोष्ट एका नारिंगी डब्याची आहे. प्रत्येक विमानाच्या शेपटीत असा एक डबा बसवलेला असतो. तो जन्मभर काही करत नाही. विमान कुठं आदळलंच, तर त्या धक्क्यानं तो आपोआप जागा होतो आणि आकाशातल्या उपग्रहाला हाक मारत सुटतो. त्या हाकेत त्याचा स्वतःचा एक क्रमांक असतो. शोध-बचाव केंद्रातली माणसं तो क्रमांक नोंदीत बघतात, हा डबा कोणत्या विमानाचा आणि फोन कोणाला करायचा हे त्यांना कळतं, आणि मग माणसं शोधायला निघतात. आमच्या भागात नागझिरा-नवेगावच्या जंगलावरून उडायचं असतं. झाडीत पडलेलं लहान विमान वरून दिसत नाही. म्हणून हा डबा.

आता झोपलेला डबा वेळेवर उठेल की नाही, हे कसं कळणार? त्याची बॅटरी कधी बदलायची, धक्का ओळखणारी कळ कशी तपासायची, वायरी कुठं बघायच्या, हे सगळं त्याच्या देखभालीच्या पुस्तकात असतं. आम्ही त्याला मॅन्युअल म्हणतो. पण मॅन्युअल म्हणजे देवळातली पोथी नव्हे, की एकदा आणली आणि पिढ्यान्पिढ्या वाचली. कंपनी ते बदलत राहते, नव्या सुधारणा काढते, जुनी पानं रद्द करते. डब्याच्या पाटीवर जो क्रमांक आहे नेमकं त्याच क्रमांकाचं पुस्तक हवं, शेवटच्या सुधारणेचं हवं आणि एक पान कमी नको. हे सगळं बघून मी आतल्या पानावर शिक्का मारून सही करतो. मग आमचे मोठे इंजिनिअर ते हातात घेतात. ते केरळचे. इतकी वर्षं गोंदियात काढून त्यांची हिंदी आमच्यासारखीच झाली आहे. त्यांचं एकच वाक्य: "कागज नहीं, तो जहाज नहीं." लोकांना वाटतं पेट्रोलवर विमान उडतं.

या संस्थेत माझी भाची शिकायला आली. माझी मोठी बहीण अर्जुनी मोरगावला दिली आहे. घरची धानाची शेती, इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी. भाचीनं लहानपणी बांधावर उभं राहून कधी विमानाकडे बघितलं वगैरे काही नाही. तिला हिशेबात गती होती, आणि मीच एकदा तिला इथं आणून विमानं दाखवली, तेवढंच. आईबाप तयार झाले कारण मामाचं घर जवळ होतं. ती आमच्याकडेच राहायची.

इकडची रीत बाहेरच्यांना गंमतीची वाटते, म्हणून सांगून ठेवतो. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पाया पडतो. ती पाळण्यात असली तरी. तिला उष्टं उचलू द्यायचं नाही, तिला आपला पाय लागू द्यायचा नाही, आणि तिनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. पुण्याकडच्या एका शिकाऊ मुलानं हे ऐकून विचारलं, "मग सर, तिनं हेलिकॉप्टर मागितलं तर?" मी म्हटलं, ती शहाणी आहे, तुझ्यासारखी नाही. ऑफिसात मात्र ती मला 'सर' म्हणायची आणि मी तिला नुसतं 'मॅडम'. त्यावर आम्ही दोघं घरी येऊन हसायचो.

शिकणाऱ्याला एकट्यानं लांबचं उड्डाण करून दाखवावं लागतं, मगच परीक्षक त्याची अंतिम परीक्षा घेतात. परीक्षक बाहेरून येणार होते. भाचीच्या बरोबरच्या पोरांची लांबची उड्डाणं झाली होती, तिचं तेवढं राहिलं होतं. नेमकं तेव्हाच एक विमान मोठ्या तपासणीसाठी उघडून ठेवलेलं, दुसऱ्यावर नवीन पोरांचे धडे. उरलं ते तिसरं, दूरच्या राज्यातून नुकतंच जुनं विकत घेतलेलं. त्याचे कागद एका खोक्यात भरून आले होते, आणि खोक्याला वरून सुतळी. सुतळी बघूनच माझ्या कपाळावर आठी आली.

इंजिनाचे कागद चोख निघाले. पंखाचे चोख निघाले. शेवटी नारिंगी डब्याचं मॅन्युअल हाती आलं, आणि ते मॅन्युअल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स होती. मी टॉर्च घेऊन शेपटीत डोकं घातलं, डब्यावरची पाटी वाचली आणि परत येऊन कव्हर बघितलं. क्रमांक सारखाच, फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. सुधारणांची यादी असते ते पान तर नव्हतंच. म्हणजे हे पुस्तक या डब्याच्या भावाचं होतं, आणि भाऊही किती वयाचा ते माहीत नाही. मी इंजिनिअरसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही आकडे बघितले आणि विमानाच्या पंख्याला लाल फडकं बांधायला सांगितलं. लाल फडकं म्हणजे उडायचं नाही.

मग मी शोधायला बसलो. ज्या कंपनीनं तो डबा केला होता तिला दुसऱ्या कंपनीनं कधीच गिळलं होतं. जुन्या पत्त्यावर मेल पाठवला, तो तसाच परत आला. इंटरनेटवर शोधलं तर मॅन्युअलं पैशाला पासरी. कोणी फुकट देतं, कोणी नाव-गाव भरायला लावतं, कोणी पहिली दहा पानं दाखवून पडदा टाकतं. दुसऱ्या एका फ्लाइंग क्लबात माझ्यासारखंच काम करणारा एक मित्र आहे, त्यानं व्हॉट्सॲपवर एक फाइल धाडली आणि खाली लिहिलं, "यही है भाई, आँख बंद करके लगा दो." अरे बाबा, डोळे मिटून लावायचं असतं तर देवानं मला या नोकरीत घातलं असतं का?

एक फाइल मात्र खरंच बरी निघाली. शेवटचे दोन आकडे बरोबर, पानं पूर्ण, सुधारणांची यादीही होती. ती वैमानिकांच्या गप्पांच्या कुठल्याशा संकेतस्थळावर कोणी टाकून ठेवलेली. माझं मन पाघळलं, लपवत नाही. पण ती शेवटची सुधारणा आहे हे कोण सांगणार? एसटी स्टँडवर जुनं वेळापत्रक लावलेलं असतं ना, तसं. ते खोटं नसतं, महामंडळानंच छापलेलं असतं, फक्त त्यातली बस आता येत नसते. नव्या कंपनीला मी सविस्तर पत्र लिहिलं. डब्याच्या पाटीचा फोटो जोडला आणि हात जोडायचे तेवढे बाकी ठेवून वाट बघत बसलो.

भाचीला कळायचं ते कळलंच. दुपारी ती माझ्या खोलीत आली. खोली म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक आणि मधे माझं टेबल. तिच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमधे तीच गप्पांच्या ठिकाणची फाइल.

"मामा, हेच आहे ना जी? नंबर बराबर आहे. पानं पूर्ण आहेत. मी एक एक पान पाहून घेतलं."

तिनं 'सर' म्हटलं नाही, तेव्हाच मला पुढचं कळलं.

"हेच असेल," मी म्हटलं. "पण असेल आणि आहे यात फरक आहे."

"परीक्षक परवा येऊन राहिले. बाकी सगळ्याइचं होऊन जाईन, अन् मीच राहून जाईन. पुढच्या खेपेस ते कवा येतीन, कोन सांगते? मी काही मशीन खराब असताना नेतो म्हणून राहिली का? डब्बा चांगला आहे. फक्त तुमचा शिक्का पाहिजे."

"नाही देता येत."

तिनं मोबाइल खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "भाचीले नाई म्हणते का जी कोनी?"

आता काय करावं? रीत मला माहीत होती, तिलाही माहीत होती, आणि तिनं ती आजवर कधी वापरली नव्हती. चॉकलेटसाठीसुद्धा नाही. मी खुर्चीवरून उठलो, त्या रॅकच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वाकलो आणि तिच्या बुटांना हात लावून कपाळाला लावला. "पाया पडतो माय," मी म्हटलं, "पण शिक्का मारत नाही."

ती रडत बाहेर गेली. दारात इंजिनिअरसाहेब कसलीशी फाइल घेऊन उभे होते. त्यांनी बिचाऱ्यांनी हा सगळा प्रकार बघितला. फाइल टेबलावर ठेवली आणि जाताना दार ओढून घेतलं.

परीक्षक आले, सगळ्यांच्या परीक्षा घेतल्या आणि गेले. भाची राहिली. बाकीच्या पोरांनी संध्याकाळी पेढे वाटले, तिनंही खाल्ला, आणि घरी येऊन माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मामीशी बोलायची, मांजराशी बोलायची, मला तेवढं वगळून. ताटावर बसली की माझी पाठ वळेपर्यंत थांबायची. मग ताईचा फोन आला.

"काऊन रे, माह्या पोरीले कायले अडवून राहिला? सगळ्या दुनियेचे पोरं पास झाले. घरचाच मामा आडवा आला म्हनते. तुह्या त्या डब्ब्याले का सोनं लागलं आहे?"

"ताई, त्याचं पुस्तक बरोबर नाही."

"पुस्तकानं विमान उडते का रे?"

इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो, की हो, पुस्तकानंच उडतं. ताईला सांगायची हिंमत झाली नाही. ती मोठी आहे, आणि लहानपणी तिच्या हातचे फटके मी खाल्लेले आहेत. मी ऐकून घेतलं.

नव्या कंपनीचं उत्तर आलं ते एका सकाळी, मी जेवणाचा डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवत असताना. लिहिणारी कोणी बाई होती. साता समुद्रापलीकडे बसून तिनं माझ्या फोटोतली पाटी नीट वाचली होती. तिनं लिहिलं होतं की गप्पांच्या ठिकाणी फिरणारी ती प्रत जुनी आहे, त्यानंतर पुस्तक सुधारलं गेलं. सोबत तिनं नवं पुस्तक जोडलं होतं आणि हीच आजची चालू प्रत असं कंपनीच्या कागदावर लिहून दिलं होतं. मला त्या बाईला गोंदियाचा तांदूळ पाठवावासा वाटला.

मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पानोपान वाचल्या. जवळजवळ सगळं तेच. फक्त तपासणीच्या प्रकरणात एक परिच्छेद नवा होता: डब्यात भरलेला ओळख-क्रमांक यंत्रावर वाचून घ्यावा आणि तो ज्या विमानात बसवलेला आहे त्याच विमानाचा आहे याची खात्री करावी. जुन्या प्रतीत हे नव्हतं. मी शिक्का मारला, सही केली आणि पुस्तक इंजिनिअरसाहेबांना दिलं. त्यांनी तपासायचं यंत्र मागवलं, डब्याजवळ धरलं आणि पडद्यावर उमटलेला क्रमांक मला वाचून दाखवला. मी विमानाच्या कागदावरचा क्रमांक वाचला.

जुळला नाही.

साहेबांनी पुन्हा वाचला. मी पुन्हा वाचला. तरी नाही. विकणाऱ्यांना फोन केल्यावर उलगडा झाला. त्यांच्याकडे तशीच आणखी विमानं होती. कधीतरी या विमानाचा डबा बिघडला, तेव्हा त्यांनी शेजारच्या विमानातला काढून यात बसवला, आणि क्रमांक बदलायचा राहून गेला. कोणाचा वाईट हेतू नव्हता. घाईत एकाची चप्पल दुसऱ्यानं घालावी, तेवढंच झालं होतं. डबा चांगला होता, बॅटरी चांगली होती, आवाज खणखणीत होता. पण तो हाक मारणार होता दुसऱ्याच्या नावानं.

मी खोलीत येऊन खुर्चीवर बसलो. त्या दिवशी मी शिक्का मारला असता तर भाची गेली असती. बहुतेक धड परतही आली असती, विमानं काय रोज पडत नाहीत. पण पडलं असतं, नवेगावच्या झाडीत कुठं उतरावं लागलं असतं, तर डब्यानं जीव तोडून हाक मारली असती. आणि दूरच्या राज्यात कोणाचा तरी फोन वाजला असता. त्या माणसानं खिडकीतून बाहेर बघून म्हटलं असतं, "नहीं साहब, हमारा जहाज तो यहीं सामने खड़ा है." केंद्रातल्या माणसांनी ती हाक चुकीची ठरवून बाजूला ठेवली असती. निदान त्या दिवसापुरती.

संध्याकाळी मी हे सगळं घरी सांगितलं. भाची उंबऱ्याशी बसून ऐकत होती. शेवटी ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दोन ताटं घेऊन आली, एक माझं, एक तिचं. "मामा, जेवून घ्या जी," एवढंच म्हणाली. बायकोनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्या रात्रीच्या जेवणात काय होतं ते मला आठवत नाही, पण पोट भरून जेवलो.

डबा बाहेरगावच्या कार्यशाळेत गेला, आमच्या विमानाचा क्रमांक भरून परत आला. मग त्याची नवी नोंदणी. तिच्यात लिहायचं असतं की हाक आली तर पहिला फोन कोणाला करायचा. मुख्य प्रशिक्षकांचा द्यायचा असं ठरलं होतं, पण तेच म्हणाले, "मी तर अर्धा दिवस हवेत असतो. तुमचा लिहा. तुम्ही काय खुर्ची सोडत नाही." टोमणा होता, पण खरा होता. अशा रीतीनं नोंदीत पहिला क्रमांक माझ्या मोबाइलचा लागला. नोंद पक्की झाल्याचा उलट कागद आला, तोही मी अक्षर अक्षर ताडून बघितला. बॅटरी, वायर, कळ, क्रमांक, नोंद, फोन. लाल फडकं निघालं.

इथं मी एक शहाणपणा केला. ताईला धीर वाटावा म्हणून तिला सांगितलं, "ताई, आता काळजी करू नको. तिला कुठं काही झालं तर पहिला फोन माझ्याच मोबाइलवर येणार आहे." मला वाटलं ती खूश होईल. तिनं हे अर्ध्या अर्जुनीला सांगितलं.

दिवाळी होऊन गेली होती, धान कापणी चालू होती. पुढच्या खेपेच्या परीक्षकांची तारीख लागली होती. भाची सकाळी एकटी उडाली. लांबच्या एका विमानतळावर उतरायचं, कागदावर तिथला शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. ती तिथं पोचली, तिथून परत निघाली, हे टॉवरमधून कळलं. मी खोलीत येऊन बसलो आणि फोन वाजला. ताई होती.

"काही नाई रे. तुहा फोन लागून राहिला का ते पाहून घेतलं."

"लागतोय. ठेव."

मग भाऊजींचा आला. मग ताईच्या जावेचा. मग तिच्या नणंदेचा, जी मला लग्नानंतर एकदाही भेटलेली नाही. सगळ्यांचं तेच, फोन चालू आहे ना, बॅटरी भरली आहे ना, खिशात ठेवजो, सायलेंटवर नोको ठेवजो. प्रत्येक वेळी मी दचकायचो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी मावशी निघायची. माझ्या बहिणीच्या सासरचं गोत एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दुपार कलायला लागली. पूर्वेकडून अवेळी ढग चढले. भाचीनं यायला हवं होतं, ती वेळ झाली, टळली. टॉवरला तिचा आवाज येत नव्हता. मुख्य प्रशिक्षक बाहेर येऊन धावपट्टीच्या टोकाकडे बघत उभे राहिले. इंजिनिअरसाहेबही हात पुसत आले. खाली उडत असलं, मधे जंगल-डोंगर असले, तर रेडिओ पोचत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कोणी ते मोठ्यानं म्हणत नव्हतं.

फोन वाजला. ताईच.

"आली का रे पोरगी?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिच्या आवाजातच कळलं की तिकडेही ढग आले आहेत. "ताई," मी म्हटलं, "ऐक. अजून आली नाही. पण डब्यानंही हाक मारलेली नाही. त्यानं हाक मारली असती तर मला फोन आला असता. तुम्ही सगळे फोन करत राहिलात तर तो येणार कसा? लाईन मोकळी ठेव."

"अन् फोन नाई आला त?"

"नाही आला म्हणजे ती कुठंतरी धड आहे."

"पक्कं?"

मी श्वास घेतला. "पक्कं," म्हटलं. तिनं फोन ठेवला.

मग खरोखरच फोन गप्प झाला. मी हँगरच्या मागे एका पिंपावर बसलो आणि फोन गुडघ्यावर ठेवला. आयुष्यात मी पुष्कळ वेळा सही केली आहे, पण तिचा अर्थ त्या दिवशी कळला. डब्यानं हाक मारावी यासाठी आपण त्याचे कागद तपासतो, असं मी समजत होतो. ते तर आहेच. पण तो गप्प असला तर त्या गप्प बसण्यावर आईला भरवसा ठेवता यावा, यासाठीही तपासतो. मी मनात पुन्हा सगळं म्हणून बघितलं. बॅटरी बघितली. वायर बघितली. कळ बघितली. क्रमांक आमचाच. फोन माझाच. एकही पान कमी नाही. आणि तरीही मी भ्यायलो होतो, भयंकर भ्यायलो होतो. कागदावर माझा जितका विश्वास आहे तितका कोणाचाच नसेल, पण ती माझी भाची होती.

फोन वाजला. अनोळखी क्रमांक.

बचाव केंद्राचा क्रमांकही अनोळखीच दिसला असता. बोट हिरव्या खुणेवर नेऊन ठेवलं, ते सरकेना. कसाबसा उचलला.

"मामा! कवापासून लावून राहिली जी मी, बिझीच बिझी येते. कोनासंग बोलून राहिले तुमी येवढं?"

मी पिंपावरून उठून उभा राहिलो.

"ढग आले म्हणून मी पुढं नाई गेली. मधातल्या त्या लहान पट्टीवर उतरली. टॉवर नाई इथं, रेडिओवर कोनी आयकत नाई, माह्या मोबाइलले नेटवर्क नाई. चौकीदारदादाच्या फोनवरून बोलून राहिली. विमान बांधून ठेवलं आहे. मामा? आयकून राहिले ना जी?"

"ऐकतोय माय," मी म्हटलं. "शहाणी आहेस." मी रडत होतो, आणि ते तिला कळलं असणार, कारण ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "आईले सांगजा आधी."

मी प्रशिक्षकांना ओरडून सांगितलं. इंजिनिअरसाहेबांनी दोन्ही हात वर जोडले. मग ताईला फोन लावला. बंद. भाऊजींना लावला. बंद. जाऊ बंद, नणंद बंद. अर्ध्या अर्जुनीचे फोन बंद. नंतर कळलं की ताईनं अंगणात जमलेल्या सगळ्यांचे मोबाइल बंद करून घेतले होते आणि धान पाखडायच्या सुपात टाकून सूप मांडीवर घेऊन बसली होती, एकानंही माझी लाईन अडवू नये म्हणून. शेवटी त्यांच्या घरासमोरच्या किराणा दुकानदाराला लावला. तो फोन घेऊन धावत अंगणात गेला. मला त्याच्या चपलांचा आवाज येत होता.

"कोन होय?" ताईचा आवाज.

"ताई, मी."

"तू कायले फोन केला?" ती किंचाळलीच. "लाईन मोकळी ठेव म्हने ना! ठेव! ठेव आधी!" आणि तिनं कापला.

चिडून नव्हे. माझा आवाज ऐकून पुढचं ऐकायची तिची हिंमतच झाली नव्हती. हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. मी पुन्हा लावला. दुकानदारानं उचलला, काहीतरी झटापट झाली, आणि फोन तिच्या कानाशी धरला गेला. श्वास ऐकू येत होता. या वेळी मी तिला बोलू दिलं नाही.

"ताई, पोरीचा आला," मी म्हटलं. "तिनं स्वतः केला. उतरली आहे."

पलीकडे सूप पडल्याचा आवाज झाला, आणि त्यातले मोबाइल जमिनीवर खडखडत पडले. मग माझी मोठी बहीण, जिला मी जन्मात कधी रडताना ऐकलं नव्हतं, मोठ्यानं रडायला लागली. मी फोन ठेवला नाही. ती थांबेपर्यंत धरून उभा राहिलो.